पाऊचवर नाव आपलं, डोमेन दुसऱ्याच्या खात्यात: एका बेदाणा व्यवसायाचं प्रकरण

तासगाव तालुक्यातले दोन भाऊ. घरची द्राक्षबाग, स्वतःची बेदाण्याची शेड. बराचसा माल सौद्याला जातो. निवडक हिरवा आणि काळा बेदाणा मात्र पाव आणि अर्धा किलोच्या पाऊचमध्ये भरून थेट गिऱ्हाइकाला विकतात. त्यासाठी तीन वर्षांपूर्वी वेबसाइट केली, आणि पाऊचच्या मागच्या बाजूला परवाना क्रमांकाखाली वेबसाइटचं नाव छापून घेतलं. गणपती उठले त्याच आठवड्यात ते नाव बंद पडलं. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायला तेव्हा महिनाही उरला नव्हता.

(हे प्रकरण छोट्या व्यवसायांत नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून नमुन्यादाखल मांडलं आहे. मुदती, नियम आणि शुल्क मात्र खरे आहेत.)

साइट एका ओळखीच्या मुलाने केली होती. 'सगळं मिळून बारा हजार', असा व्यवहार ठरला. त्यात डोमेन (म्हणजे साइटचं नाव), होस्टिंग, पाच पानांची साइट आणि 'इन्फो' नावाचा एक ईमेल पत्ता आला. पैसे भावांनी फोनवरून पाठवले आणि पावती म्हणजे तो स्क्रीनशॉट. मुलाने डोमेन रजिस्ट्रारकडच्या, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडच्या, स्वतःच्या खात्यातून घेतलं, कारण त्याची सगळी गिऱ्हाइकं त्याच खात्यात होती. रजिस्ट्रंट, म्हणजे नोंदीतला धारक, म्हणून नाव त्याचं आणि ईमेलही त्याचाच. यात त्याचा काही डाव नव्हता. नवं खातं उघडायचं तर गिऱ्हाइकाकडून ओटीपी मागावा लागतो, आणि त्या वेळी मोठा भाऊ शेडवर होता. एवढंच कारण.

शेतकऱ्याला ही गोष्ट एका वाक्यात कळते: विहिरीचा खर्च तुम्ही केलात, पण सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं आहे. फरक इतकाच की डोमेनचा सातबारा कुणाच्याच नावावर कायमचा होत नाही. तो एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांचा भाडेपट्टा असतो. पट्टा कुणाशी झाला हे रजिस्ट्रारच्या नोंदीवरून ठरतं. पैसे कुणाच्या खिशातून गेले याच्याशी रजिस्ट्रारला देणंघेणं नसतं.

पहिले दहा दिवस चुकीच्या दारात

सांगलीच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, 'दादा, तुमच्या साइटवर कर्जाच्या जाहिराती दिसतायत.' भावांनी आधी होस्टिंग कंपनीला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की होस्टिंग चालू आहे, पुढच्या मार्चपर्यंत भरलेलं आहे. ते खरंच होतं. होस्टिंग म्हणजे गाळा आणि डोमेन म्हणजे पत्ता. गाळ्याचं भाडं भरलेलं असलं तरी पत्त्याची पाटी उतरवली की गिऱ्हाईक पोचत नाही. बहुतेक रजिस्ट्रार मुदत संपल्यावर काही दिवसांतच डोमेनचे नेमसर्व्हर (नाव कुठल्या होस्टिंगकडे न्यायचं ते सांगणारी नोंद) बदलून स्वतःच्या जाहिरातींच्या पानाकडे वळवतात. इथे तेच झालं होतं.

मग धाकट्याने आयकॅन या डोमेनांचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेच्या लुकअप पानावर, म्हणजे नोंद शोधायच्या पानावर, डोमेन टाकून पाहिलं, आणि तिथे फसगत झाली. मुदतीची तारीख चक्क पुढच्या वर्षीची दिसत होती. 'म्हणजे रिन्यू झालंय की', असं म्हणून दोघं आणखी चार दिवस बसून राहिले.

ही तारीख जवळजवळ प्रत्येकाला चकवते. डॉट कॉमची मूळ नोंदवही व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते. मुदत संपली की ती नोंदवही आपोआप एक वर्ष पुढे सरकते आणि रजिस्ट्रारला ४५ दिवसांची सवलत मिळते. तेवढ्यात रजिस्ट्रारने नाव काढून टाकलं, तर वर्षाचे पैसे त्याला परत मिळतात. म्हणजे ती तारीख व्हेरिसाइन आणि रजिस्ट्रार यांच्यातली आहे. गिऱ्हाइकाने पैसे भरल्याची ती खूण नव्हे. पाहायची असते ती स्टेटसची ओळ. तिथे 'ऑटो रिन्यू पिरियड' दिसलं की समजायचं, मुदत नुकतीच उलटली आहे आणि पैसे भरलेले नसण्याची शक्यता आहे. नेमसर्व्हरच्या ओळीत आपल्या होस्टिंगऐवजी भलतंच नाव दिसलं, तर शंकेला जागाच उरत नाही.

रजिस्ट्रंटच्या जागी फक्त 'गोपनीयतेसाठी झाकलेलं' असं लिहिलेलं होतं. युरोपचा विदा-संरक्षण कायदा २५ मे २०१८ ला लागू झाला, तेव्हापासून डॉट कॉमची नावं-पत्ते सार्वजनिक नोंदीत सहसा दिसत नाहीत. पण रजिस्ट्रार कोण, हे दिसतंच. त्यावरून कुणाचं दार ठोठवायचं ते कळलं.

घड्याळ कसं चालतं

डॉट कॉमची मुदत संपल्यावर तीन टप्पे असतात. पहिला टप्पा जास्तीत जास्त ४५ दिवसांचा. यात बहुतेक ठिकाणी नेहमीच्याच दरात रिन्यू होतं. रजिस्ट्रारने नाव काढलं की पुढचे ३० दिवस 'रिडेम्प्शन'चे. या काळात फक्त जुना धारकच नाव परत मिळवू शकतो, आणि तेही दंड भरून. व्हेरिसाइन त्यासाठी रजिस्ट्रारकडून ४० डॉलर घेते, आणि रजिस्ट्रार त्यावर आपला आकार चढवतो. शेवटचे ५ दिवस 'पेंडिंग डिलीट'. तेव्हा कुणालाच काही करता येत नाही, आणि नंतर नाव बाजारात मोकळं होतं.

बेरीज ८० दिवसांची होते, पण त्या बेरजेवर विसंबू नये. ४५ दिवस ही कमाल मर्यादा आहे. रजिस्ट्रार त्याआधीही नाव काढू शकतो. काही रजिस्ट्रार तर काढत नाहीत, महिन्याच्या आसपास लिलावात विकतात, आणि मग रिडेम्प्शनचा टप्पा येतच नाही. पाऊचवर छापलेलं, तीन वर्षं गूगलवर दिसलेलं नाव लिलावात कुणीतरी घेतंच. बेदाणा विकायला नव्हे, आधीच जमलेली वर्दळ जाहिरातींकडे वळवायला.

रजिस्ट्रारने सूचना पाठवल्या नव्हत्या का? पाठवल्या होत्या. आयकॅनच्या नियमाप्रमाणे मुदतीच्या साधारण महिनाभर आधी एक, आठवडाभर आधी एक आणि मुदत संपल्यावर ५ दिवसांत एक, अशा सूचना पाठवाव्याच लागतात. तिन्ही त्या मुलाच्या ईमेलवर गेल्या. ऑटो-रिन्यूही चालू होतं, पण कार्डावरून पैसे कापले गेले नाहीत. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार भारतीय कार्डावरून आपोआप कापायच्या रकमेसाठी आधी ओटीपीने ई-मॅंडेट, म्हणजे आगाऊ परवानगी, नोंदवावं लागतं. परदेशी रजिस्ट्रारकडे ते अनेकदा नोंदवलेलंच नसतं. पानावर 'ऑटो-रिन्यू: चालू' असं हिरव्या अक्षरांत दिसत राहतं, आणि ऐन वेळी बँक व्यवहार नाकारते.

खात्याची किल्ली

अकराव्या दिवशी मुलाचा पत्ता लागला, तोही त्याच्या मामाकडून. तो आता बंगळुरूला नोकरीला. त्याने लगेच होकार दिला, पण पुढे अडकला. 'दादा, ते खातं माझ्या जुन्या कंपनीच्या मेलवर आहे, आणि ती कंपनी मी बंद केली.' म्हणजे त्या मेलचं स्वतःचंच डोमेन दीड वर्षापूर्वी संपलेलं. पासवर्ड बदलायची लिंक जिथे जाणार ती पेटीच नाही. दुसऱ्या टप्प्याचा ओटीपी जुन्या सिमवर, आणि ते सिमही गेलेलं.

दोर असा एकाला एक बांधलेला असतो. रजिस्ट्रार खात्याचा ईमेल कधीही आपल्याच डोमेनवरचा ठेवू नये, तो याचसाठी. डोमेन बंद पडलं की ते सोडवायची किल्लीही आत राहते.

भावांनी रजिस्ट्रारला आपल्या नावाने विनंती करून पाहिली. पाऊच, जीएसटी प्रमाणपत्र, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, सगळं जोडलं. उत्तर सभ्य आणि ठाम आलं: खातेदाराशीच बोलू. राग येणं साहजिक आहे, पण नियम योग्यच आहे. असल्या कागदांवर डोमेन मिळू लागलं, तर उद्या कुणीही छापील पाऊच दाखवून दुसऱ्याचं नाव उचलेल.

चाललं ते एवढंच: मुलाने स्वतः रजिस्ट्रारचा खाते-पुनर्प्राप्ती अर्ज भरला. रजिस्ट्रंटच्या नावाशी अक्षर-न्-अक्षर जुळणारं फोटो ओळखपत्र, शेवटच्या बिलाचा क्रमांक, आणि ज्या कार्डाने पैसे भरले त्याचे शेवटचे चार आकडे. एकदा अर्ज परत आला, कारण खात्यात नाव आडनावाशिवाय होतं. एकोणिसाव्या दिवशी, घटस्थापना होऊन गेल्यावर, खातं उघडलं.

वाटेत दोन सल्ले मिळाले होते आणि दोन्ही टाळले ते बरं झालं. पहिला 'बॅकऑर्डर'चा, म्हणजे नाव मोकळं होताच आपल्याला मिळावं म्हणून आगाऊ पैसे भरून ठेवायचे. तो जुगार आहे, आणि नाव लिलावात गेलं तर ती खिडकी उघडतच नाही. दुसरा वकिलाच्या नोटिशीचा. डोमेनच्या नावावर व्यापारचिन्हाचा हक्क चालतो हे आपल्याकडे जुनं आहे. 'रेडिफ'शी मिळतंजुळतं 'रॅडिफ' वापरणाऱ्याला मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ साली रोखलं, आणि २००४ साली सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच तत्त्व पक्कं केलं. आयकॅनची तंटा-निवारण प्रक्रियाही आहे, पण जिनिव्हाच्या 'वायपो' या बौद्धिक संपदा संस्थेकडे एका सदस्याच्या निवाड्याचं शुल्कच १५०० डॉलर. शिवाय तिथे समोरच्याचा वाईट हेतू सिद्ध करावा लागतो. इथे वाईट हेतू कुणाचाच नव्हता, आणि भावांकडे नोंदवलेलं व्यापारचिन्हही नव्हतं.

आधी रिन्यू, मग बाकी सगळं

खातं उघडल्यावर मुलगा थेट रजिस्ट्रंटचं नाव बदलायला निघाला होता. त्याला थांबवलं. मुदत संपलेल्या डोमेनवर पहिलं बटण रिन्यूचं. एक वर्षासाठी रिन्यू केलं. नवी मुदत जुन्या मुदतीपासून मोजली जाते, पैसे भरल्याच्या दिवसापासून नव्हे, त्यामुळे १९ दिवस गेलेच.

यानंतर दोन वाटा होत्या. एक, दुसऱ्या रजिस्ट्रारकडे ट्रान्स्फर. त्यासाठी लॉक काढायचं, ऑथ कोड, म्हणजे ट्रान्स्फरचा गुप्त कोड, घ्यायचा (मागितल्यावर ५ दिवसांत द्यावाच लागतो), आणि जुन्या रजिस्ट्रारने काही केलं नाही तर पुढच्या ५ दिवसांत नाव सरकतं. ट्रान्स्फरसोबत एक वर्षही वाढतं. पण मुदत संपल्यावर रिन्यू करून पुन्हा त्याच ४५ दिवसांत ट्रान्स्फर केलं, तर नुकतेच भरलेले वर्षाचे पैसे वाया जाऊ शकतात. दुसरी वाट, त्याच रजिस्ट्रारकडे भावांचं नवं खातं उघडायचं आणि डोमेन या खात्यातून त्या खात्यात ढकलायचं. याला 'पुश' म्हणतात. कोड नाही, पाच दिवस थांबणं नाही. काही मिनिटांत होतं. सणाच्या तोंडावर दुसरीच वाट बरी, आणि तीच धरली.

पुशच्या आधी मुलाच्या खात्यातला मेलेला ईमेल बदलून चालू पत्ता टाकला. ही पायरी चुकली असती तर सगळं पुन्हा अडलं असतं, कारण रजिस्ट्रंट बदलताना जुन्या आणि नव्या, दोन्ही पत्त्यांवर मंजुरीची लिंक जाते. रजिस्ट्रंट बदलल्यावर ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जाता येत नाही. त्यातून सूट मागायची सोय काही ठिकाणी असते. इथे जायचंच नव्हतं, त्यामुळे ते कुलूप उलट सोयीचं ठरलं.

नव्या खात्यात रजिस्ट्रंट भरताना 'ऑर्गनायझेशन'ची चौकट महत्त्वाची. ती भरली, तर कायदेशीर धारक ती संस्था मानली जाते. भावांची भागीदारी आहे, म्हणून पॅनवर जसं आहे तसंच फर्मचं नाव तिथे लिहिलं. एकट्याचा व्यवसाय असेल तर मालकाचं स्वतःचं नाव पुरे. तिथे 'अमुक ट्रेडर्स' असं कुठल्याच कागदावर नसलेलं नाव लिहिलं, तर उद्या ओळखपत्र जुळवताना आपणच अडतो. नाव बदलताच पडताळणीचा मेल येतो. १५ दिवसांत त्यातल्या लिंकवर टिचकी मारली नाही तर रजिस्ट्रारला डोमेन थांबवावं लागतं. हा मेल दिसायला जाहिरातीसारखा असतो आणि हमखास स्पॅममध्ये जातो. नव्याने घेतलेली किती तरी डोमेनं सोळाव्या दिवशी बंद पडतात, ती यामुळे.

नेमसर्व्हर पुन्हा होस्टिंगकडे वळवल्यावर धाकट्याच्या फोनवर साइट दिसायला लागली. शेडवरच्या वाय-फायवर मात्र अजून कर्जाच्याच जाहिराती. हा बिघाड नव्हे. डॉट कॉमच्या वरच्या पातळीवर नेमसर्व्हरची नोंद १,७२,८०० सेकंदांसाठी, म्हणजे ४८ तास, साठवून ठेवायची मुभा असते. ज्याने जुनी नोंद साठवली त्याला ती तेवढा वेळ दिसू शकते. या दोन दिवसांत सेटिंग परत परत बदलत बसणं ही सगळ्यात मोठी चूक. थांबायचं.

मेलचं वेगळं. साइट बंद आहे हे गिऱ्हाईक फोन करून सांगतं, मेल बंद आहे हे कुणी सांगत नाही. जाहिरातींच्या पानामागे मेल घेणारं कुणी नसतं. पाठवणाऱ्याचा सर्व्हर सहसा चार-पाच दिवस प्रयत्न करतो आणि मग मेल परत करतो. त्यामुळे शेवटच्या काही दिवसांतले मेल उशिरा येऊन पडले. आधीचे गेले. त्यांत पुण्याच्या एका मिठाईवाल्याची मागणी होती. ती त्याने फोन केल्यामुळे कळली. एमएक्स नोंद (मेल कुठे पोचवायचा ते सांगणारी) परत आल्यावर एसपीएफची ओळ (आपल्या नावाने मेल कुणी पाठवायचा ते सांगणारी) एकच आहे ना, तेही पाहिलं. एकाच डोमेनवर एसपीएफच्या दोन ओळी असल्या तर दोन्ही निकामी होतात, आणि आपली बिलं लोकांच्या स्पॅममध्ये जायला लागतात.

मराठी नाव, रोमन अक्षरं

या निमित्ताने नावाचाही विचार झाला. भावांच्या ब्रँडमध्ये एक दीर्घ 'आ' आहे, एक 'व' आणि शेवटी 'ळ'. रोमनमध्ये 'आ' एका ए ने लिहायचा की दोन, 'व'ला व्ही की डब्ल्यू, हे मराठी माणूस आपापल्या आडनावाच्या सवयीने ठरवतो. नावात 'ज्ञ' असता तर आणखी पंचाईत: मराठी माणूस डी-एन-वाय लिहितो, हिंदी माणूस जी-वाय. फोनवर नाव सांगून गिऱ्हाईक ते टाइप करणार असेल, तर ही गंमत राहत नाही. साधी परीक्षा अशी: शेडवरच्या पाच जणांना नाव फक्त तोंडी सांगा आणि फोनवर टाइप करायला लावा. इथे पाचातल्या दोघांनी डब्ल्यू मारला. म्हणून डब्ल्यूवालं डॉट कॉमही घेऊन मूळ नावाकडे वळवलं. बाकी आठ स्पेलिंगांच्या मागे लागले नाहीत, आणि ते बरोबरच. प्रत्येक नावाचं दर वर्षी भाडं आहे.

दोन शब्दांत हायफन घालावा का, हा प्रश्न आला. नियमात बसतं: एका नावात ६३ अक्षरांपर्यंत रोमन अक्षरं, आकडे आणि हायफन चालतात, फक्त सुरुवातीला वा शेवटी हायफन नको. पण तोंडी सांगताना हायफन कुणी ऐकत नाही. नाही घेतला.

डॉट इनही घेतलं. ते निक्सी या भारतीय संस्थेच्या अखत्यारीत येतं. तिथे खरं नाव-पत्ता द्यावा लागतो आणि धारकाचं नाव झाकणारी सेवा चालत नाही. तिथल्या तंटा-प्रक्रियेत डोमेन वाईट हेतूने नोंदवलेलं 'किंवा' वापरलेलं, यातलं एक सिद्ध झालं तरी पुरतं. डॉट कॉमसाठी दोन्ही लागतात. देवनागरीतलं डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४ पासून मिळतं आणि मराठी त्यात पहिल्या खेपेपासून आहे. पाटीवर ते देखणं दिसतं, पण त्यावरचा ईमेल पत्ता अनेक फॉर्म आणि मेल-सेवा अजून स्वीकारत नाहीत. हौस म्हणून घेऊन मूळ साइटकडे वळवावं, बिलावर छापू नये.

दराबद्दल थोडं. १ सप्टेंबर २०२४ पासून व्हेरिसाइनचा घाऊक दर वर्षाला १०.२६ डॉलर आहे. त्याहून फार स्वस्तात डॉट कॉम मिळत असेल तर रजिस्ट्रार पहिल्या वर्षी तोटा खातोय आणि दुसऱ्या वर्षी वसूल करणार आहे. खरेदीच्या पानावर रिन्यूअलचा दर बारीक अक्षरांत असतो. तोच वाचायचा, वर १८ टक्के जीएसटी धरायचा, आणि बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्यायचा. पुढच्या पायरीवर आपोआप टिक केलेल्या गोष्टी येतात: 'वेबसाइट सुरक्षा', 'एसईओ', 'प्रीमियम डीएनएस'. सगळ्या टिक काढल्या. कुलपाचं प्रमाणपत्र, म्हणजे एसएसएल, बहुतेक होस्टिंगसोबत फुकट मिळतंच.

डॉट कॉम आणखी चार वर्षांसाठी वाढवून घेतलं. खात्याचा ईमेल फर्मच्या नावाचा पण स्वतंत्र जीमेल, त्यावर दोन्ही भावांचे फोन. दुसऱ्या टप्प्याची पडताळणी ॲपमधून, सिमवरून नाही. त्याचे आणीबाणीचे कोड छापून पॅन आणि जीएसटीच्या फायलीत ठेवले. डोमेनवर ट्रान्स्फर लॉक चालू. साइट सांभाळणाऱ्या नव्या माणसाला फक्त डीएनएसचे, म्हणजे साइट आणि मेल कुठे वळवायचे त्या नोंदींचे, हक्क दिले, खात्याचा पासवर्ड नाही. बहुतेक रजिस्ट्रारांकडे असा मर्यादित प्रवेश देता येतो. व्यापारचिन्हाचा अर्ज वर्ग २९ मध्ये केला, कारण सुकवलेली फळं त्यात येतात. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी ४५०० रुपये. लघुउद्योगाच्या दरासाठी उद्यमचं प्रमाणपत्र जोडलं.

रिन्यूची आठवण कॅलेंडरात घातलीच, पण थोरल्याने ती शेडमधल्या वहीतही लिहिली, दर वर्षी पहिला माल शेडवर चढतो त्या पानावर. मुदत गणपतीनंतरची, माल चढतो फेब्रुवारीत. म्हणजे सहा महिने आधी वही उघडते.

नावनोंदणी बदलल्यावर दोन आठवड्यांत एक मेल आला: तुमच्या डोमेनची मुदत संपतेय, आजच इतके डॉलर भरा. पाठवणारा रजिस्ट्रार नव्हता. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे बिल नसून सर्च इंजिन नोंदणीचा प्रस्ताव आहे. धाकट्याने मेलमधल्या लिंकला हात लावला नाही. रजिस्ट्रारची साइट स्वतः टाइप करून उघडली, मुदत पाहिली, आणि मेल काढून टाकला.